ज्याला भाषा मिळाली नाही, तो विचार कशात करतो?

वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा लाड या गावची एक कथा गुरुचरित्रात आहे. नृसिंहसरस्वतींचा जन्म इथला. बाळ जन्मले ते ॐकार उच्चारतच, आणि पुढे मुंजीचे वय होईपर्यंत त्याच्या तोंडून दुसरा शब्द निघाला नाही. आईवडील हवालदिल झाले. मुलगा मुका निघाला, असे लोक म्हणू लागले. मुलाने खुणा करून सांगितले की मुंज लावा, मग बोलेन. मुंज लागली, आई भिक्षा घालायला आली आणि मुलगा वेद म्हणू लागला. भाविकांसाठी ही अवतारलीला आहे. मला तिच्यातले एक गृहीत फार महत्त्वाचे वाटते. जो बोलत नाही त्याच्या आतही ज्ञान भरलेले असू शकते, ही गोष्ट ही कथा सांगणाऱ्यांनी आणि ऐकणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सहज मान्य केली.

याच वऱ्हाडात एखाद्या घरी खरोखर न बोलणारे मूल असते, तेव्हा शेजारी सहज म्हणून जातात, "त्याले काई कयत नाई." मंगरूळपीर तालुक्यातले आसेगाव घ्या किंवा जिल्ह्यातले दुसरे कोणतेही गाव घ्या, हे वाक्य ऐकायला फार लांब जावे लागत नाही. बोलता येत नाही म्हणजे समजत नाही, आणि समजत नाही म्हणजे विचार नाही, ही साखळी त्यात गृहीत आहे. भाषेशिवाय विचार शक्य आहे का, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या वर्गात जितका आहे तितकाच तो अशा घराच्या ओट्यावरही आहे. त्याचे उत्तर काय मानले जाते यावर एका मुलाचे शिक्षण, लग्न, वाटणी आणि साक्ष ठरत आली आहे.

भारतीय परंपरेत या प्रश्नावर सर्वांत ठाम भूमिका भर्तृहरीची आहे. साधारण पाचव्या शतकातला हा वैयाकरण वाक्यपदीयात म्हणतो की शब्दाचा स्पर्श नसलेले ज्ञान जगात नाहीच. जाणीव तिच्या मुळापासूनच शब्दाने ओवलेली असते. मग तान्ह्या बाळाचे काय? भर्तृहरीने ही शंका टाळली नाही. बाळाची पहिली हालचाल, पहिला श्वास आवाजाकडे वळवण्याची धडपड, हे सारे पूर्वजन्मातून आलेल्या शब्दसंस्कारामुळे घडते, असे त्याचे उत्तर आहे. पूर्वजन्म बाजूला ठेवला तरी त्यातला मुद्दा उरतो: भाषा शिकण्याची तयारी घेऊनच मूल जन्मते. या ग्रंथाचा महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे. काशिनाथ वासुदेव अभ्यंकर आणि विष्णु प्रभाकर लिमये यांनी संपादलेली त्याची आवृत्ती पुणे विद्यापीठाने 1965 मध्ये काढली, आणि के. ए. सुब्रह्मण्य अय्यर यांचा भर्तृहरीवरचा मोठा अभ्यास 1969 मध्ये डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला.

भर्तृहरीच्या विरुद्ध बाजूला बौद्ध आचार्य दिङ्नाग उभा आहे. खरे प्रत्यक्ष ज्ञान कल्पनेपासून, म्हणजे नाव आणि जाती जोडण्यापासून मुक्त असते, असे तो मानतो. नैयायिकांनी आणि मीमांसकांनी मधला मार्ग काढला: आधी निर्विकल्पक ज्ञान, त्यात वस्तू नुसती दिसते, मग सविकल्पक, त्यात 'ही गाय आहे' असे नाव जोडले जाते. या पहिल्या पायरीचे वर्णन करताना कुमारिल भट्टाने दिलेला दाखला मला अस्वस्थ करतो. बालकाचे आणि मुक्याचे ज्ञान असते तसे ते, असे तो म्हणतो. वादासाठी दाखला चपखल आहे. पण मुक्या माणसाचे ज्ञान त्या पहिल्या पायरीवरच थांबते, हे कोणी तपासले होते? जो मुका म्हणून दाखल्याला घेतला, त्याला काही विचारायची सोय तेव्हा नव्हती, आणि तशी गरजही कोणाला वाटली नाही.

भाषा आणि अर्थ यांच्या जोडणीचा मान वाशीमला जुन्या काळापासून आहे. वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाह वत्सगुल्म नगरात लागला, असे राजशेखराने काव्यमीमांसेत सांगितले आहे. ज्ञानेश्वरांनी अनुभवामृतात एक प्रकरण वाचेचे ऋण फेडण्याला दिले आणि दुसरे शब्दाच्या खंडनाला. जागे करायला शब्द हवा, पण जे स्वतःच उजळलेले आहे त्याला दाखवायला शब्दाची मदत लागत नाही, अशी त्यांची वाट आहे. त्यांचा विषय आत्मज्ञानाचा आहे, तो मी इथे ओढून आणणार नाही.

तत्त्वज्ञांच्या मतभेदाने कोणाचे पोट भरत नव्हते की रिकामे राहत नव्हते. धर्मशास्त्राचे तसे नव्हते. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वारसाहक्कातून वगळलेल्यांच्या यादीत जन्मापासूनचे बहिरे, जड आणि मुके आहेत. त्यांना अन्नवस्त्र द्यावे, वाटा देऊ नये. हा नियम ब्रिटिश राजवटीतल्या हिंदू कायद्यातही टिकला आणि 1928 च्या कायद्याने मिताक्षरा परंपरेतली ही अपात्रता काढली, तीही जन्मतः वेडे मानलेले लोक सोडून. इंग्लंडच्या जुन्या कायद्यातही जन्मतः मूकबधिर माणूस निर्बुद्ध आहे असेच आधी धरून चालत. 1872 च्या भारतीय पुरावा कायद्याने कलम 119 मध्ये निराळी दिशा घेतली: बोलू न शकणारा साक्षीदार लिहून किंवा खुणांनी, न्यायालयाला कळेल अशा रीतीने, साक्ष देऊ शकतो. ही तरतूद आता 2023 च्या भारतीय साक्ष अधिनियमात कलम 125 म्हणून आहे. न्यायालयाने खुणांना साक्ष मानले, म्हणजे खुणांमागे विचार आहे हे मानले.

आता गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत काय कळले ते बघू. जन्मतः बहिरे, आणि खुणांची भाषाही कोणी न शिकवलेले लोक या प्रश्नावर सर्वांत जास्त प्रकाश टाकतात. सुसान शालर या अमेरिकन दुभाषी बाईंनी 1991 मध्ये अशा एका माणसावर पुस्तक लिहिले. इल्देफोन्सो हे त्याचे पुस्तकातले नाव. मेक्सिकोतून आलेला, सत्तावीस वर्षांचा, कष्टाची कामे करून जगणारा, आणि वस्तूंना नावे असतात हेच त्याला माहीत नव्हते. तो शालर यांच्या खुणांची नुसती नक्कल करत राहिला. मग एके दिवशी मांजराची खूण म्हणजे मांजर हे त्याच्या लक्षात आले आणि खोलीतल्या एकेका वस्तूकडे बोट दाखवत तो नावे मागू लागला, रडला. हा माणूस त्याआधी सीमा ओलांडून आला होता, काम शोधत होता, धोका ओळखत होता. विचाराशिवाय हे होत नाही. पण भाषा आल्यावर त्या आधीच्या काळाबद्दल सांगायला तो फारसा राजी नसे. हेलन केलर यांनीही शिक्षिका येण्यापूर्वीच्या आपल्या आयुष्याबद्दल लिहिले आहे: आपण आहोत हेच तेव्हा ठाऊक नव्हते. या दोघांच्या आठवणी भाषा मिळाल्यानंतरच्या आहेत, म्हणून त्यांच्यावर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. त्यांच्या साक्षीतून शब्दांवाचून जगण्याची आतली बाजू थोडीफार दिसते, इतकेच.

अशा मुलांकडे काहीच नसते असेही नाही. सुसान गोल्डिन-मेडो यांनी दाखवले आहे की घरात खुणांची भाषा नसलेले बहिरे मूल स्वतःच्या खुणा घडवते आणि त्यांना ठरावीक क्रमाने जोडते. आईबापांच्या हावभावांत नसलेली शिस्त मुलाच्या खुणांत असते. आपल्या खेड्यांतही हे दिसते. जिल जेप्सन यांनी 1991 मध्ये भारतातल्या शहरी आणि ग्रामीण खुणांच्या भाषांवर लिहिले. शहरात कर्णबधिर एकत्र येतात म्हणून भाषा पसरते, खेड्यात एकेका माणसाच्या भोवतीच खुणा तयार होतात. वावरात जायची, भूक लागल्याची, बापाची, बाजाराची खूण घरातल्या साऱ्यांना कळते. घराच्या उंबरठ्याबाहेर ती चालत नाही.

या घरगुती खुणा कुठपर्यंत पुरतात? 2011 मध्ये निकाराग्वातल्या अशा प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ते कामधंदा करत होते, पैशांचे व्यवहार करत होते, संख्येसाठी बोटेही दाखवत होते. तरी तीनपेक्षा मोठ्या समूहाची नेमकी संख्या ते खात्रीने दाखवू शकत नव्हते, जवळपासची दाखवत. पैशांचा समाज भोवती असूनही 'नेमके सात' ही कल्पना पक्की झाली नव्हती. ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या पिराहां लोकांच्या भाषेत नेमक्या संख्येचे शब्द नाहीत, आणि पीटर गॉर्डन यांनी 2004 मध्ये त्यांच्याबाबतही मोठ्या संख्या जुळवताना असाच अंदाजीपणा नोंदवला. कमीजास्त ओळखणे मात्र काही महिन्यांच्या बाळालाही येते. म्हणजे 'किती' याची जाण भाषेच्या आधीची आहे. नेमका आकडा मनात धरून ठेवायला मोजणीचे शब्द किंवा खुणा क्रमाने पाठ असाव्या लागतात.

मराठी वाचकाला याचा एक घरचा अनुभव आहे. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'सत्तर दोन' अशी वाचनाची रीत जुन्या नावांच्या जोडीने आली आणि राज्यभर गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. त्यांचे म्हणणे साधे होते. मराठीत 'बत्तीस' म्हणताना आधी दोन ऐकू येतात, लिहिताना आधी तीन लिहावे लागतात, वर जोडाक्षरे. तेलुगू आणि कन्नडमध्ये आधी दहाचा गट येतो, मग सुटे अंक. आमच्या 'एकोणपन्नास'मध्ये तर पन्नासातून एक वजा करायचा असतो, तोही वजाबाकी शिकण्यापूर्वी. भाषा बिघडवली, अशी ओरड झाली. मला वाटते त्या वादात मुलांच्या बाजूने फार कमी लोक बोलले. चिनी भाषेत दहाच्या पुढचे आकडे सरळ 'दहा-एक, दहा-दोन' असे असतात आणि तिथली मुले तो टप्पा लवकर ओलांडतात, हे अभ्यासांतून दिसले आहे. अर्थात मराठी मुले काही गणितात कायमची मागे पडत नाहीत. वर्षा-दोन वर्षांत तो खड्डा पार होतो. भाषेचा विचारावर परिणाम होतो, पण तो किती आणि किती काळ, हे प्रत्येक वेळी मोजावे लागते. भाषेची चौकट म्हणजे विचाराचा तुरुंग, असे बेंजामिन वोर्फच्या नावावर सांगितले जाणारे टोकाचे मत यापुढे टिकत नाही.

संख्येपेक्षाही मला दुसऱ्याचे मन ओळखण्याचा मुद्दा मोठा वाटतो. निकाराग्वाची राजधानी मनाग्वा इथे 1977 पासून कर्णबधिर मुलांसाठी वर्ग सुरू झाले. शिक्षक स्पॅनिश बोलणे आणि ओठवाचन शिकवत होते, ते फारसे जमले नाही. पण अंगणात, बसमध्ये शेकडो मुले एकत्र आली, आपापल्या घरगुती खुणा एकमेकांत मिसळल्या आणि काही वर्षांत एक नवी भाषा उभी राहिली. लहान वयात येणाऱ्या पुढच्या तुकड्यांनी तिला व्याकरणाची घडी दिली. भाषावैज्ञानिक जुडी केगल 1986 मध्ये तिथे पोचल्या, म्हणून जगाला हे कळले. पुढे जेनी पायर्स आणि ॲन सेंगास यांनी पहिल्या तुकडीतल्या, आता प्रौढ झालेल्या लोकांना एक साधी चाचणी दिली: एखाद्याच्या नकळत वस्तू हलवली, तर तो ती कुठे शोधेल? साधारण चार-पाच वर्षांचे बोलते मूल याचे उत्तर बरोबर देते. या प्रौढांना ते कठीण गेले. त्यांच्या खुणांत 'त्याला वाटते', 'त्याला माहीत नाही' अशा गोष्टींसाठी फारसे काही नव्हते. पुढच्या दोन वर्षांत त्यांचा लहान तुकडीशी संबंध वाढला, अशा खुणा त्यांच्या बोलण्यात आल्या, आणि मग तेच लोक चाचणी पार करू लागले. हा अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. विशी ओलांडल्यावरही, बोलायला माणसे मिळाली तर, विचाराचे बंद दार उघडू शकते, याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरा क्वचितच असेल.

आता मेंदूकडे. पक्षाघातानंतर भाषा गेलेल्या माणसांवर रोझमेरी व्हार्ली यांनी इंग्लंडमध्ये काम केले. 2005 मध्ये त्यांनी अशा तिघांची नोंद दिली. 'सिंहाने माणसाला मारले' आणि 'माणसाने सिंहाला मारले' यांतला फरक त्यांना कळत नव्हता, पण कंसांसकट गणिते ते सोडवत होते. एव्हलिना फेडोरेंको यांच्या गटाने मेंदूची छायाचित्रे घेऊन दाखवले की भाषेसाठी काम करणारा भाग गणित, तर्काची कोडी किंवा संगीत चालू असताना जवळपास शांत असतो. 2024 मध्ये 'नेचर'मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह भूमिका मांडली की भाषा हे मुख्यतः संवादाचे साधन आहे, विचाराचे नाही. पुरावा भक्कम आहे. माझा आक्षेप त्यातून काढल्या जाणाऱ्या घाईच्या निष्कर्षाला आहे. व्हार्ली यांचे रुग्ण आयुष्यभर भाषेत वाढले होते, गणित भाषेतून शिकले होते. भाषा नंतर गेली. भाषा कधीच मिळाली नाही त्यांची स्थिती निराळी आहे. उभारलेले घर परांची काढल्यावर उभे राहते म्हणून ते परांचीवाचून बांधले गेले असे ठरत नाही.

गणितज्ञांची साक्ष जुनी आहे. झाक आदामार यांनी 1945 च्या पुस्तकात गोळा केलेल्या मतांत आइन्स्टाइनचेही आहे: आपल्या विचारात शब्दांचा भाग दिसत नाही, प्रतिमा आणि स्नायूंच्या जाणिवा असतात. रागाची बढत करणारा गायकही शब्दांत योजना आखत नाही. पुढची जागा त्याला स्वरांतच सुचते. चिंपांझी खोके एकावर एक रचून केळे काढतात. या सगळ्याला विचार न म्हणण्याचे कारण मला दिसत नाही.

लेव वायगोट्स्कीने 1934 मध्येच एक वाट दाखवली होती. विचार आणि भाषा यांची मुळे वेगळी, पण लहानपणी ती एकमेकांत गुंततात. आधी मूल इतरांशी बोलते, मग स्वतःशी मोठ्याने, आणि शेवटी ते बोलणे आत वळते. हे मला सर्वांत पटते, कारण आत वळण्यासाठी आधी बाहेर कोणीतरी बोलणारे लागते. वाशीम जिल्ह्यातल्या शाळांत याची एक बाजू रोज दिसू शकते. मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे बंजारा समाजाचे तीर्थ. जिल्ह्यात तांडे पुष्कळ. तांड्यावरचे मूल घरी गोरबोलीत प्रश्न विचारते, भांडते, कोडी सोडवते आणि पहिलीत येऊन गप्प बसते. त्याची भाषा त्याच्याकडे पूर्ण आहे, फक्त वर्गाला ती ऐकू येत नाही. गप्प मूल मंद, असा शेरा त्याच्यावर बसतो, तेव्हा चूक तीच होते जी ओट्यावरच्या त्या वाक्यात आहे.

तर माझे मत असे. भाषेशिवाय विचार आहे, भरपूर आहे. ज्याला शब्द नाहीत त्याला समजत नाही म्हणणे खोटे आहे आणि अन्यायाचे आहे. पण नेमकी मोजणी, दुसऱ्याच्या मनात काय आहे याचा विचार आणि बहुधा स्वतःच्या आयुष्याची सलग गोष्टही, हे सारे माणूस इतर माणसांच्या भाषेत शिरूनच मिळवतो. ती भाषा तोंडाची असो वा हातांची, फरक पडत नाही. विल्यम स्टोको यांनी 1960 मध्ये अमेरिकन खुणांच्या भाषेला स्वतःचे व्याकरण आहे हे दाखवल्यापासून यावर शंका उरलेली नाही.

महाराष्ट्राने मात्र फार काळ तोंडाच्या भाषेचाच आग्रह धरला. मुंबईत 1880 च्या दशकात कर्णबधिरांची शाळा निघाली, ती देशातल्या पहिल्यांपैकी. त्याच दशकाच्या तोंडावर, 1880 मध्ये, मिलान इथल्या परिषदेने शाळांतून खुणा हद्दपार करण्याचा ठराव केला होता आणि त्याची छाया इथल्या शिक्षणावरही शंभर वर्षे राहिली. मुलांना उच्चार घोटवले गेले, हात बांधून बसायला सांगितले गेले. खुणांची भाषा मधल्या सुट्टीत आणि वसतिगृहात जगली. मदन वसिष्ठ आणि जेम्स वुडवर्ड यांनी 1970 च्या दशकाच्या शेवटापासून मुंबईसह चार शहरांतल्या खुणांचा अभ्यास केला. इचलकरंजीच्या दिलीप देशमुखांनी 1997 मध्ये कर्णबधिर शिक्षणात खुणांची भाषा आणि द्विभाषिकता यांवर पुस्तक लिहिले. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत 2001 मध्ये भारतीय खुणांच्या भाषेचा विभाग सुरू झाला, दिल्लीचे राष्ट्रीय केंद्र 2015 मध्ये, आणि 2021 पर्यंत त्याच्या कोशात दहा हजार खुणा जमल्या. 2011 च्या जनगणनेत देशात ऐकण्याचे अपंगत्व असलेले पन्नास लाखांहून जास्त लोक होते. श्रवणयंत्र आणि कॉक्लिअर शस्त्रक्रिया ज्यांना मिळते त्यांना ती जरूर मिळावी. पण यंत्र लागेपर्यंत, आणि लागूनही शब्द उमटेपर्यंत, वर्षे जातात; त्या वर्षांत मुलाला खुणांची भाषा न देणे याचे समर्थन मला करता येत नाही. खुणा शिकल्या तर मूल बोलायला आळस करेल, ही भीती घराघरांत आहे आणि तिला संशोधनाचा आधार नाही.

आसेगावात पोलीस ठाणे आहे. एखादी कर्णबधिर बाई तिथे लैंगिक अत्याचाराची तक्रार घेऊन आली, तर कायद्याने तिला दुभाषी मिळायला हवा आणि तिच्या जबाबाचे चित्रीकरण व्हायला हवे. वाशीमसारख्या जिल्ह्यात असा दुभाषी वेळेवर आणणे हाच मोठा खटाटोप आहे. पण तिच्याकडे फक्त घरातल्या चार माणसांना कळणाऱ्या खुणा असतील, तर प्रशिक्षित दुभाषीही अडेल. मग तिच्या वतीने घरचेच बोलणार, आणि तक्रार घरच्यांविरुद्ध असेल तर कोणीच बोलणार नाही. तिला सारे दिसलेले असते, आठवत असते. ते सांगायची भाषा तिला पाचव्या वर्षाच्या आत मिळायला हवी होती. त्यासाठी अंगणवाडीत ऐकण्याची तपासणी, आईबापांना आणि भावंडांना खुणांचे वर्ग, आणि त्या घरी महिन्यातून काही वेळा येणारा, खुणांची भाषा सहज बोलणारा एक प्रौढ कर्णबधिर माणूस लागतो. पहिल्या दोन गोष्टींसाठी योजना आहेत. तिसऱ्यासाठी जिल्हा परिषदेने मानधनाचे एक पद तयार करायला हवे, आणि ती मागणी ग्रामसभेत मांडायला कोणाची परवानगी लागत नाही.